बोटांना आठवायला हवं

हकीमभाईंनी काउंटरवर तीन पेट्या मांडल्या,
साड्या उलगडाव्यात तशा.
बाहेर भद्रकालीत टेम्पो मागे घेताना कुणी ओरडत होतं,
आत मी परवान्याची झेरॉक्स घट्ट धरून.
पेटीला परवाना लागत नाही, ताई,
ते म्हणाले. मी कागद पर्समध्ये टाकला.

पहिली अंगठ्यावर उघडणारी.
त्यांचा नोंदवला, उघडली. त्यांच्या पोऱ्याचा, उघडली.
माझा अंगठा वीस वर्षं पंपावर
नोटा मोजून गुळगुळीत झालेला,
आधारच्या मशीनलाही तो कधी पटला नाही.
जरा ओला करा, ते म्हणाले.
आता पुसून बघा.
रात्री दोन वाजता घामेजलेल्या अंगठ्याला
पुसून बघा, असं कोण सांगणार?

दुसरी देखणी. निळा दिवा, काचेचे आकडे.
आपटून बघू? मी विचारलं.
ते हसले, मग हसायचे थांबले,
कारण मी ती उचललीच होती.
गुडघ्याच्या उंचीवरून, एका कोपऱ्यावर.
झाकण आपसूक वर आलं.
हकीमभाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.
असल्या बारा विकल्यात मी,
एवढंच बोलले.

तिसरी कुरूप. राखाडी, जड,
ना दिवा, ना सेल, नुसती स्प्रिंग
आणि चार बोटांसाठी चार खाचा.
ती घेतली.

गांगुर्डेने पलंगाच्या सागवानी फळीला भोकं पाडली,
स्क्रू आतून आवळले. त्याच्या डाव्या हातावर
सात टाके अजून लालसर आहेत,
त्या रात्रीचा गल्ला अठ्ठेचाळीस हजार होता.
पेटी कशाला, हे त्याने विचारलं नाही.
लाकडाचा भुसा मात्र स्वतःच झाडून नेला.

गोल किल्ली एकच. ती कुठे ठेवायची
यात एक आठवडा गेला.
देवघर, डाळीचा डबा, शिवणाचं मशीन,
ओजसचा हात कुठे पोचत नाही?
शेवटी इंदिरानगरला बहिणीकडे दिली.
कशाची गं? कपाटाची, म्हटलं.

आकडा म्हणून वाढदिवस नको. लग्नाची तारीख नको.
शशांक गेला ती तर नकोच,
ती लक्षात ठेवायला बोटं लागत नाहीत.

मग रोज रात्री, दिवा न लावता, सराव.
हायवेवर ट्रकांची घरघर,
माझे डोळे मिटलेले, हात उशीखालून फळीकडे.
आत पिस्तूल नव्हतं,
पावडरचा डबा ठेवला होता, साधारण तेवढ्याच वजनाचा.
पहिल्या रात्री अकरा सेकंद.
चौथ्या रात्री सहा, आणि नख तुटलं.
नवव्या रात्री तीन.

रविवारी ओजस पोह्यांच्या बशीवर
बोटं वाजवत होता. तबल्याच्या क्लासला
जाऊन त्याला चार महिने झाले, घरातलं सगळंच वाजतं आता.
टक. टकटक. थांबून, टक.
हा कुठला ठेका रे?
तुझा, तो म्हणाला. रात्रीचा.

पोहे तसेच राहिले.

दुपारी आकडा बदलला. या वेळी
लय अशी ठेवलीच नाही त्यात.
मग त्याला बोलावलं, बंद पेटी दाखवली,
आत काय येणार ते नाव घेऊन सांगितलं.
नऊ वर्षांचा तळवा झाकणावर टेकला.
गार आहे.
उघडून दाखवशील?
नाही.
बरं, म्हणाला, आणि खाली क्रिकेटला पळाला,
इतक्या सहज
की मला अजून थोडं भांडायला हवं होतं.

शशांकचं पिस्तूल पंचवटी ठाण्यात जमा आहे,
चिठ्ठी बांधलेलं, माझ्या नावाची वाट बघत.
सोमवारी येऊन घेऊन जा, असं साहेब म्हणाले होते.
आज गुरुवार.
रात्री मी खाचांवर बोटं ठेवते, दाबत नाही,
आणि भिंतीपलीकडे
तो जागा आहे का, ते ऐकते.